ठाण्यात कसली आलीये थंडी! (घरच्या ज्येष्ठांच्या हिवाळ्याचे अनुभव)

माळ्यावरची_गोधडी
काल गोधड्या काढायला माळ्यावर चढले आणि बाबांची माकडटोपी हाती लागली. डांबरगोळीचा वास अजून तसाच. नौपाड्यातल्या जुन्या घरी डिसेंबर लागला की ते टोपी चढवून पेपर वाचत बसायचे आणि आम्ही खिदळायचो, "बाबा, ठाण्यात आहात, महाबळेश्वरला नाही!" त्यांना खरंच थंडी वाजायची, हे कळायला फार उशीर लागला.
एका रात्री पायाशी गरम पाण्याची रबरी पिशवी घेऊन झोपले. सकाळी टाचेवर पुरीएवढा टम्म फोड. डायबेटिसने पायाची जाणीव कमी झालेली, भाजतंय हे कळलंच नाही त्यांना. जखम भरेपर्यंत होळी आली. पिशवीत पाणी मीच भरलं होतं, चांगलं उकळतं.
आता आई ७८ची आहे. तुमच्याकडे काय काय झालं, काय करता, लिहा.

येऊरपायथा
पिशवीने आधी अंथरूण गरम करायचं आणि माणूस आत शिरला की पिशवी बाहेर. आमच्या डॉक्टरांनी दम देऊन सांगितलंय. वाईट वाटून घेऊ नका, आम्ही सगळ्यांनीच उकळतं भरलंय.

खारी_बुडवून
आमच्याकडे खोबरेल गोठलं की हिवाळा जाहीर. हवामान खातं नंतर 😀

पामबीचकर
सासरे पहाटे ५ला सागर विहारला फिरायला जायचे, २० वर्षांचा नेम. मागच्या जानेवारीत चालता चालता छातीत दाबल्यासारखं झालं, नशीब की ग्रुप बरोबर होता. डॉक्टर म्हणाले, गारठ्याने रक्तवाहिन्या आकसतात, बीपी चढतं, हृदयाला जास्त जोर लावावा लागतो. शिवाय थंडीत पहाटेची हवा वर जात नाही, धूर-धूळ सगळी खालीच. आता ऊन आल्यावर ८ला निघतात. ग्रुपवाले चिडवतात, "साहेब ऑफिसला निघाले."

येऊरपायथा
आमच्या घोडबंदर रोडला धूळ आठचीही असते आणि रात्री आठचीही 🙄

घणसोलीची_सून
कुकर लावलाय, शिट्ट्या मोजत लिहितेय. आमचा गॅस गिझर बाथरूममध्येच होता. वारा येतो म्हणून सासूबाईंनी खिडकीच्या काचपट्ट्यांवर पेपर चिकटवला, आम्हाला पत्ताच नाही. एक दिवस आतून पाण्याचा आवाज येतोय, बादली भरून वाहतेय आणि ह्या हाकेला ओ देईनात. शेजारच्या दोघांनी दार तोडलं. भिंतीला टेकून बसलेल्या, डोळे उघडे, बोलता येईना. कार्बन मोनॉक्साइड. वास नाही, रंग नाही, कळणार कसं? ऑक्सिजन लावला, वाचल्या. गिझर त्याच आठवड्यात काढला, विजेचा बसवला.
शुद्धीवर आल्यावर पहिला प्रश्न, "दाराचे पैसे कोण देणार?"

खारी_बुडवून
😂 सासूबाईंना साष्टांग नमस्कार. पण वाचून काटा आला. आईकडे पण गॅसचाच आहे, संध्याकाळी जाऊन बघते.

घणसोलीची_सून
आजच बघा. आणि आतून कडी लावायची नाही असा नियम करा. आमच्या तरीही लावतात. शेवटी नवऱ्याने कडीच काढून टाकली.

अळीव_लाडू
तेलावरून आठवलं. आजी रात्री तळपायाला कोमट तेल चोळायची, वर मोजे. दोनला उठली, गुळगुळीत फरशी, पाय सटकला, खुबा मोडला. आता तेल दुपारी, पुसून मगच उभं राहायचं. रात्री पॅसेजमध्ये छोटा दिवा.
बाकी डिंकाचे लाडू झाले का कोणाचे? माझा डिंक आतून कच्चा राहतोय.

पामबीचकर
डिंक बारीक कुटून घ्या, तूप मध्यम आंचेवर. मोठा खडा वरून फुलतो, आत दगड.

दुपारचा_चहा
डायबेटिसवाल्यांना गुळाचा लाडू चालतो ना? आई म्हणते, गूळ म्हणजे साखर नाही.

येऊरपायथा
गुळानेही साखर वाढतेच हो. आमच्या मातोश्रीही हाच युक्तिवाद करतात, जिलबीलाही.

दुपारचा_चहा
अरे देवा. सांगते, पण ऐकणार नाही. तसं पाण्याचंही. थंडीत तहान लागत नाही, वर रात्री उठायला नको म्हणून पाणीच पीत नाही. मागच्या वर्षी अचानक असंबद्ध बोलायला लागली, मला कोण तू विचारलं. मी हादरले, वाटलं पॅरालिसिस. लघवीचं इन्फेक्शन निघालं, औषधाने चार दिवसांत पूर्ववत. आता सकाळपासून संध्याकाळी ६पर्यंत दोन बाटल्या संपवायच्या, नंतर घोटभर. कोमट दिलं की कुरकुर कमी.

अळीव_लाडू
सेम! आमच्याकडे पाण्याऐवजी मुगाचं कढण खपतं. आणि फ्लूची लस दरवर्षी घ्यायला लावा, एकदा घेतली की झालं असं समजतात. सर्दीची गोळी मात्र बीपीवाल्यांना दुकानदाराला विचारून देऊ नका, काहींनी बीपी वाढतं.

खारी_बुडवून
भोगीला बाजरीची भाकरी आणि लेकुरवाळी भाजी कोण कोण करतंय? हरभऱ्याचे सोलाणे मिळाले का वाशीला?

माळ्यावरची_गोधडी
सगळ्यांचं वाचून काढलं. बाथरूमची खिडकी बघून आले, आमचीही अर्धी बंदच होती, कपड्यांचा स्टँड टेकवून. हलवला.
आईला बाबांची टोपी दाखवली, म्हटलं धुऊन देते, घालशील? तिने हातातून काढून घेतली. "धुवायची नाही." आता कानावर ओढून मटार सोलत बसलीये.

खारी_बुडवून
मटार कितीला मिळाले?