मदत हवी आहे: काकांचा लीक स्टिरिओ २०, डाव्या बाजूची घूंघूं आणि दोन प्रीअ‍ॅम्प

नमस्कार मंडळी,

जरा सविस्तर लिहिते, कारण एकात एक दोन प्रश्न अडकलेत.

आमचे थोरले काका ओझरला एचएएलमध्ये होते. सत्तरच्या दशकात त्यांनी मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवरून एक वापरलेला लीक स्टिरिओ २० आणला, म्हणजे लीक या ब्रिटिश कंपनीचा, काचेच्या व्हॉल्व्हवर चालणारा अ‍ॅम्प. सोबत लीकचाच व्हॅरिस्लोप स्टिरिओ प्रीअ‍ॅम्प, म्हणजे टर्नटेबलचा बारीक आवाज अ‍ॅम्पला पुरेल इतका वाढवणारा डबा. नंतर पंचवटीतल्या जुन्या घरात बसून त्यांनी स्वतःच्या हाताने आणखी एक प्रीअ‍ॅम्प बांधला: अ‍ॅल्युमिनियमचा पत्रा वाकवून केलेली चेसिस, बीईएल या भारतीय कंपनीचे दोन ईसीसी८३ व्हॉल्व्ह, वेगळा छोटा पॉवर सप्लाय आणि समोर व्हॉल्यूमचं एकच बटण. रविवारी सकाळी आम्हा पोरांना समोर बसवायचे, स्विच लावायचे आणि म्हणायचे, "व्हॉल्व्ह तापू दे, मग सुई." तो अर्ध्या मिनिटाचा शांतपणा मला अजून आठवतो.

काका गेल्यावर सगळं माळ्यावर गेलं. मागच्या महिन्यात मी गंगापूर रोडच्या आमच्या घरी ते खाली काढलं, पुसलं आणि लावलं. वाजलं! डोळ्यांत पाणी आलं.

आता अडचण. डाव्या स्पीकरमधून सतत घूंघूं येते. आवाज पूर्ण कमी केला तरी तेवढीच. अर्ध्या तासाने तिकडचा एक ईएल८४ (स्पीकरला जोर देणारा व्हॉल्व्ह) बाकीच्या तिघांपेक्षा जास्त तापलेला वाटतो. शहरातल्या एका दुकानात दाखवला, तर ते म्हणाले सगळे व्हॉल्व्ह बदला आणि जीझेड३४ (एसीचा डीसी करणारा व्हॉल्व्ह) काढून तिथे डायोड टाका, कटकट संपेल. मन तयार होत नाही.

दुसरा प्रश्न मला जास्त महत्त्वाचा आहे. दोन्ही प्रीअ‍ॅम्प आलटून पालटून ऐकते. काकांचा लावला की गळा भरदार येतो, पेटी मऊ वाटते, सगळं गोड. लीकचा लावला की तानपुऱ्याची जवारी, ती तारेची झणझण, उघडते, पण काही तरी कोरडं वाटतं. मला काकांचाच आवडतो. हा फरक खरा आहे की माझी माया बोलतेय? एकच प्रीअ‍ॅम्प दुरुस्त करण्याइतके पैसे आत्ता आहेत, म्हणून विचारते.

*

खटपट्या:

ताई, आधी प्लग काढा आणि उत्तर पूर्ण वाचेपर्यंत लावू नका.

इतकी वर्षं माळ्यावर पडलेला व्हॉल्व्ह अ‍ॅम्प थेट २३० व्होल्टला लावायचा नसतो. आतले इलेक्ट्रोलिटिक कंडेन्सर सुकलेले असतात. व्हेरिअ‍ॅकने (दाब हळूहळू वाढवता येणारा ट्रान्सफॉर्मर) किंवा निदान वाटेत सिरीजमध्ये बल्ब लावून, पाहत पाहत वर न्यायचं असतं. आतला विजेचा दाब ३०० व्होल्टच्या वर जातो आणि प्लग काढला तरी कंडेन्सरमध्ये काही काळ राहतो. जीव जाऊ शकतो, हे स्पष्टच सांगतो. आणि स्पीकर न जोडता अ‍ॅम्प कधीही वाजवू नका. आउटपुट ट्रान्सफॉर्मर जळला तर तसा परत मिळणार नाही.

डायोडचं ऐकू नका. जीझेड३४ हळूहळू तापतो, त्यामुळे मोठा दाब बाकीचे व्हॉल्व्ह तयार होईपर्यंत चढत नाही. डायोड टाकला की स्विच लावताक्षणी पूर्ण दाब म्हाताऱ्या कंडेन्सरवर, आणि तोही नेहमीपेक्षा जास्त, कारण तेव्हा व्हॉल्व्ह करंट ओढतच नसतात.

सगळे व्हॉल्व्हही बदलू नका. आवाज कमी करूनही घूं तेवढीच राहते म्हणजे दोष व्हॉल्यूमच्या बटणाच्या पुढे आहे, बहुधा पॉवर अ‍ॅम्पमध्येच. एक ईएल८४ जास्त तापतोय, ही खरी खूण. त्याच्या ग्रिडला (व्हॉल्व्हचा करंट ताब्यात ठेवणारी जाळी) येणारा कपलिंग कंडेन्सर, म्हणजे आवाज पुढे सोडून डीसी अडवणारा, गळत असावा. मागच्या व्हॉल्व्हचा डीसी दाब त्यातून पाझरतो, ग्रिड पॉझिटिव्ह होते आणि व्हॉल्व्ह नको तेवढा करंट ओढतो. ईएल८४ची प्लेट १२ वॉटपर्यंत सोसते, त्यापुढे लाल होते. एका बाजूचे दोन ईएल८४ आळीपाळीने ओढतात, ती पुश-पुल जोडी असमान झाली की पॉवर सप्लायची घूं एरवी आपसात कटते ती कटत नाही आणि स्पीकरला येते. तुमची दोन्ही लक्षणं एकाच दोषाची असू शकतात.

जाणत्या माणसाकडून ईएल८४च्या पिन २ वर, म्हणजे ग्रिडवर, डीसी दाब मोजून घ्या. शून्याच्या आसपास हवा.

*

सातपूरकर:

वरच्याशी सहमत. एक भर. आमच्याकडे रात्री अकरानंतर विजेची लाइन २४५ व्होल्टपर्यंत जाते, तुमच्याकडेही बघा. ट्रान्सफॉर्मर २२० ला जुळवलेला असेल, तर ६.३ व्होल्टचा हीटर ७ व्होल्टवर चालतो. व्हॉल्व्हचं आयुष्य तिथेच संपतं. व्होल्टेजची जोडणी वरच्या जागेवर आहे का पाहा.

*

जवारी:

दुसऱ्या प्रश्नावर लिहितो. तो माझ्याही जिवाचा विषय आहे.

तुमची माया खोटी नाही, पण कान एका बाबतीत हमखास फसतात. दोन यंत्रांतलं एक जरासं मोठं वाजत असेल, तर ते "मोठं" न वाटता "चांगलं" वाटतं. अगदी एक डीबीलाही (डेसिबल, आवाजाच्या पातळीचं माप). म्हणून आवाज समान केल्याशिवाय प्रीअ‍ॅम्पची तुलना करण्यात अर्थ नाही. बटणावरच्या खुणा जुळवून चालत नाही, मोजावं लागतं. टेस्ट रेकॉर्डवरचा एकाच स्वराचा पट्टा लावा, साध्या मल्टीमीटरला झेपावा म्हणून ४०० हर्ट्झच्या आसपासचा. मीटर एसीवर ठेवून स्पीकरच्या टोकांवर मोजा. एकावर १ व्होल्ट आला तर दुसऱ्यावर बटण फिरवून १ व्होल्टच आणा. १.०१ चालेल, १.१ नाही.

आता मला काही सांगा. काकांच्या प्रीअ‍ॅम्पपासून लीकच्या अ‍ॅम्पपर्यंतची वायर किती लांब आहे? आणि आउटपुट कुठून घेतलाय? झाकण उघडून, अर्थात प्लग काढून, नुसतं पाहा. शेवटच्या व्हॉल्व्हच्या अ‍ॅनोडवरून (म्हणजे प्लेटवरून) कंडेन्सरमार्फत सरळ सॉकेटला गेलाय का? अ‍ॅनोडच्या रेझिस्टरचे रंग काय आहेत?

*

धागाकर्ती:

सगळ्यांचे मनापासून आभार. त्याच दिवसापासून प्लग काढलेला आहे.

काकांच्या ओळखीतले एक निवृत्त रेडिओ मेकॅनिक नाशिकरोडला राहतात. फोन केला तर स्वतः मीटर घेऊन आले. लाइट बल्ब सिरीजमध्ये लावून हळूहळू वर नेलं. तीन ईएल८४च्या पिन २ वर जवळजवळ शून्य, चौथ्यावर अडीच व्होल्ट पॉझिटिव्ह. खटपट्या, तुम्ही न पाहता सांगितलंत! गळका कंडेन्सर काढून त्यांनी मला तळहातावर दिला. मेणासारखं काही तरी एका टोकातून बाहेर येऊन सुकलं होतं आणि त्याला धुळीचा एक केस चिकटलेला. त्या जागेचे चारही बदलले, पॉवर सप्लायचा मोठा कंडेन्सरही बदलला. घूं गेली. एकही व्हॉल्व्ह बदलावा लागला नाही. व्होल्टेजची जोडणीही त्यांनी वरच्या जागेवर घेतली.

जवारी, तुम्ही विचारलेलं: अ‍ॅनोडवरचा रेझिस्टर तपकिरी-काळा-पिवळा. तिथून एक कंडेन्सर आणि मग सरळ सॉकेट. व्हॉल्यूमचं बटण दोन व्हॉल्व्हच्या मधे आहे. वायर तीन मीटरची, कारण टर्नटेबल आणि काकांचा प्रीअ‍ॅम्प खोलीच्या या टोकाला आहेत आणि लीकचा अ‍ॅम्प स्पीकरपाशी. लीकच्या प्रीअ‍ॅम्पला वीज अ‍ॅम्पमधूनच मिळते, म्हणून तो अ‍ॅम्पशेजारी ठेवते आणि तेव्हा टर्नटेबल उचलून तिकडे नेते.

मीटरने मोजलं. मी नेहमी ज्या खुणेवर ठेवते तिथे लीकचा प्रीअ‍ॅम्प १.०० व्होल्ट आणि काकांचा १.२६.

*

जवारी:

१.२६ म्हणजे २ डीबी. म्हणजे काकांचा सतत मोठा वाजत होता.

आता वायरचं. तपकिरी-काळा-पिवळा म्हणजे १०० किलोओहम. ईसीसी८३च्या अ‍ॅनोडवरून सरळ आउटपुट घेतला की त्याचा स्वतःचा अडथळा साधारण ३८ किलोओहम पडतो. शील्डेड वायर स्वतःच छोट्या कंडेन्सरसारखी वागते, तिचे मीटरला १०० पिकोफॅरड धरा. तीन मीटरचे ३०० आणि अ‍ॅम्पच्या पहिल्या व्हॉल्व्हचे अंदाजे १००. असे ४०० पिकोफॅरड त्या ३८ किलोओहमसमोर ठेवले, की वरचे स्वर दहा हजार हर्ट्झच्या आसपासच तीन डीबीने खाली येतात. पेटी मऊ, जवारी मिटलेली, गळा भरदार. तुम्ही वर्णन केलंत ते नेमकं हेच.

म्हणून पैसे कोणत्या प्रीअ‍ॅम्पवर घालायचे हे आज ठरवू नका. आधी काकांचा प्रीअ‍ॅम्प लीकच्या अ‍ॅम्पशेजारी आणा, अर्ध्या मीटरची वायर लावा, आवाज मोजून जुळवा आणि पुन्हा ऐका. मग एकूण दीडशे पिकोफॅरड उरतात, आणि घसरण पंचवीस हजार हर्ट्झच्या पुढे, कानाच्या कक्षेबाहेर जाते.

लीकच्या प्रीअ‍ॅम्पच्या कोरडेपणाबद्दल: त्याचे टोन कंट्रोल मध्यावर असले म्हणजे आवाज सपाट असतोच असं नाही. तेव्हाचे कार्बन रेझिस्टर वर्षांनुवर्षं वर सरकत जातात. मीटर लावून त्यांची मोजणी करून घ्या, त्यानंतरच त्याला नावं ठेवा.

*

धागाकर्ती:

काल रात्री केलं. नेहमीचीच एलपी, एका ख्यालाची, सुरुवातीला मिनिटभर नुसते तानपुरे. भावाला वायरी बदलायला सांगितल्या आणि मी पाठ करून बसले. कोणता लागलाय ते त्याने सांगायचं नाही असं ठरलं.

आखूड वायर लावल्यावर काकांच्या प्रीअ‍ॅम्पची जवारी उघडली. मला वाटलं लीकचा लागलाय. दहा वेळा बदलला, त्यातल्या सहा वेळा माझा अंदाज बरोबर. म्हणजे फरक आता इतका कमी झालाय, की मला खात्रीने सांगता येत नाही. पेटीच्या खर्जात काकांचा जरा भरीव वाटतो, पण पैजेवर सांगणार नाही.

एक गोष्ट मनात घर करून राहिली. आईला विचारलं, जुन्या घरी हे कसं मांडलेलं असायचं? ती म्हणाली, सगळं एकाच फळीवर होतं, एकाशेजारी एक. ती तीन मीटरची वायर आम्ही या घरात आल्यावर बाबांनी फर्निचरच्या सोयीसाठी आणली. म्हणजे गेला महिनाभर मी ज्या गोडव्याला काकांचा आवाज समजत होते तो त्यांचा नव्हताच. त्यांनी जो बांधला आणि रविवारी आम्हाला ऐकवला, तो काल रात्रीचा होता.

काकांच्या प्रीअ‍ॅम्पचेच कंडेन्सर आधी बदलून घेतेय. लीकचा पुढच्या वर्षी.

आता नवीन अडचण. टर्नटेबल अ‍ॅम्पच्या शेजारी आणलं आणि सुई आत, लेबलकडे सरकली की हलकी घूं येते, आणि या वेळी व्हॉल्यूमसोबत वाढते. बाहेरच्या काठाला जवळजवळ नाही.

*

खटपट्या:

हा वेगळा दोष, आणि तुम्हीच त्याचं निदान केलंत. कार्ट्रिज (सुई बसवलेला भाग) मॅग्नेटिक आहे ना? सुई जशी आत सरकते तशी ती अ‍ॅम्पच्या पॉवर ट्रान्सफॉर्मरच्या जवळ जाते आणि त्याचं क्षेत्र पकडते. वायर आखूड ठेवा, पण टर्नटेबल आणि अ‍ॅम्पमध्ये निदान दोन फूट मोकळी जागा पाहिजे. प्रीअ‍ॅम्प मधे बसवा. जागा नसेल तर आर्म थांबवून, सुई रेकॉर्डला न टेकवता लेबलपाशी धरा, व्हॉल्यूम थोडा वर करा आणि अ‍ॅम्प हळूहळू काटकोनात फिरवा. एखाद्या कोनात घूं एकदम खाली बसते.

*

धागाकर्ती:

फिरवला. ट्रान्सफॉर्मर आता खिडकीकडे तोंड करून आहे, व्हॉल्व्ह भिंतीकडे. घूं बसली. भिंतीपासून वीतभर पुढे घेतलाय, उष्णतेसाठी. मागे हात घातल्यावर आउटपुटच्या पट्टीवर काकांच्या अक्षरात पेन्सिलीने '८' लिहिलेलं दिसलं. आमचे स्पीकर आठ ओहमचेच आहेत.