मदत हवी आहे: रक्त तपासून मानसिक आजार पक्का कळतो का? (सोलापूर)

अशोकचौक: धाकट्या भावाचं दर आठवड्याला रक्त काढायलेत. रिपोर्ट नॉर्मल. रक्तात काही नाही तर गोळ्या कशाला, असं वडील म्हणायलेत. एका लॅबवाल्यानं 'मेंदूचं पॅकेज' सांगितलंय, त्यात आजार पक्का कळतो म्हणे. पैसे भरू का? शुक्रवारी तो लॅबवाला येणार, लवकर सांगा.

शेंगाचटणी: आजार कोणता? वय? गोळ्यांची नावं?

अशोकचौक: स्किझोफ्रेनिया म्हणालेत. वय २६. गोळ्या आई बघते. मी पॅकेजचं विचारलंय.

बाळीवेस: आधी व्हिटॅमिन बी१२ बघा. आमच्या चुलत्यांना भास व्हायचे, इंजेक्शनं घेतली, बरे झाले.

शेंगाचटणी: बी१२, थायरॉइड, व्हीडीआरएल (सिफिलिसची तपासणी) सुरुवातीला बघतात ते दुसरं कारण नाही ना, यासाठी. स्किझोफ्रेनिया ठरवणारी रक्ताची मान्य तपासणी आज जगात नाही. निदान बोलून, लक्षणं बघूनच होतं. अमेरिकेत २०१० ला ५१ घटक मोजणारी 'व्हेरीसाइक' विकायला काढली होती, ती टिकली नाही. पैसे भरू नका.

बाळीवेस: म्हणजे चुलते खोटं बोलतात का?

शेंगाचटणी: त्यांचं कारणच बी१२ असेल. सगळ्यांचं तसं नसतं.

होटगीरोड: सरळ मुंबईला न्या. सिद्धेश्वर एक्सप्रेसनं रात्री बसलं की सकाळी पोचता.

बाळीवेस: सिद्धेश्वरचं तिकीट मिळतंय कुठं?

सिस्टरताई: दर आठवड्याला सीबीसी (रक्तपेशींची मोजणी) म्हणजे स्किझोफ्रेनियावरची क्लोझापिन गोळी असणार. पाकिटावर बघा.

अशोकचौक: हो, तेच. मग आजार किती कमी झाला ते रिपोर्टात का येत नाही?

सिस्टरताई: दादा, त्यात आजार मोजतच नाहीत. या गोळीनं क्वचित पांढऱ्या पेशी एकदम घसरतात, मग साधा जंतुसंसर्गही जिवावर बेततो. म्हणून पहिले १८ आठवडे दर आठवड्याला रक्त. नॉर्मल म्हणजे पेशी शाबूत आहेत, आजार गेला असं नाही. वडिलांना हेच सांगा, मनानं गोळी बंद करू नका. ताप आला किंवा घसा दुखला तर त्याच दिवशी सीबीसी. बिडी ओढतो का?

अशोकचौक: ओढतो. त्याचा काय संबंध? घसा मात्र कालपासून दुखतोय, अंगही गरम लागतंय. रक्त शुक्रवारी आहेच की.

सिस्टरताई: शुक्रवारची वाट बघू नका! आत्ता डॉक्टरांना फोन लावा. नाही उचलला तर सिव्हिलच्या कॅज्युअल्टीला जा. क्लोझापिन चालू आहे हे आधी सांगा, पाकीट आणि जुने रिपोर्ट सोबत न्या. आज रात्रीची गोळी द्यायची का, तेही त्यांनाच विचारा. बिडीचं एवढंच की धुरानं या गोळीची रक्तातली पातळी कमी राहते, एकदम सोडली तर वाढते. ॲडमिट केलं तर बिडीचं डॉक्टरांना सांगा.

बाळीवेस: रक्त काढतायत तर त्यातच बी१२ पण सांगा.

अशोकचौक: डॉक्टर कॅज्युअल्टीलाच या म्हणाले. रिक्षा आलीय. आई पाकीट शोधायलीय.