किडनीचं औषध आणि पुरुषत्व?

कॉर्डिसेप्स ही बुरशी चिनी वैद्यकात मूत्रपिंडाचं टॉनिक मानतात. मग 'मूत्रपिंडाच्या टॉनिकचा लैंगिक ताकदीशी काय संबंध?' हा प्रश्न रास्त आहे. चिनी वैद्यकातलं 'शेन' (मूत्रपिंड) म्हणजे फक्त रक्त गाळून लघवी बनवणारा अवयव नव्हे. 'जिंग' हे मूळ सत्त्व तिथं साठतं आणि प्रजनन, वाढ, म्हातारपण त्यावर चालतं, अशी ती कल्पना. (आपल्या शुक्रधातूची आठवण येते, पण दोन्ही एकच म्हणू नका.) म्हणून कॉर्डिसेप्स 'शेन'साठी, म्हणजे नपुंसकत्व, कंबरदुखी यांवर देतात. १७५७च्या 'बेनत्साओ त्सोंगशिन' या चिनी ग्रंथात त्याची नोंद आहे.

मुळात ही बुरशी तिबेटच्या पठारावर जमिनीतल्या अळीला आतून पोखरते आणि उन्हाळ्याच्या तोंडाशी तिच्या डोक्यातून काडीसारखी वर येते. चिनी घरांत ती बदकाच्या सुपात शिजवतात. आपल्याकडे ऑनलाइन मिळणारी नारिंगी काडी बहुधा प्रयोगशाळेत वाढवलेली वेगळीच जात, मिलिटॅरिस.

उंदरांत टेस्टोस्टेरॉन वाढलेलं दिसलंय, माणसांत भक्कम पुरावा नाही. शिवाय २०१६मध्ये चीनच्याच औषध प्रशासनाने रानटी कॉर्डिसेप्समध्ये आर्सेनिक जास्त असल्याचा इशारा दिला होता. ताठरतेची तक्रार असेल तर आधी साखर आणि रक्तदाब तपासा, पुडी नंतर.