दहावी आली म्हणून खो-खो बंद करायचा का?

नववीची आई:
मुलगी पाचवीपासून शाळेच्या खो-खो संघात आहे. जूनमध्ये दहावी सुरू होईल. क्लास साडेपाचला, सराव पाच ते सात. घरात सगळ्यांचं एकच म्हणणं, वर्षभर खेळ बंद. मला ते पटत नाही.

परवा सराव बघत थांबले. आठ जणी पाटीवर, एकाआड एक उलट्या तोंडाने, उकिडव्या बसलेल्या. खो मिळायच्या आत उठलं तर फाउल. घरी वाक्य पुरं व्हायच्या आत उसळणारी माझी पोर पाठीवर हात पडायची वाट बघत गप्प बसली होती. हात पडला आणि सुटलीच! हे तिला मी शिकवलेलं नाही.

कबड्डीपटूचा बाबा:
माझा ठाम विरोध. नववीत मुलाचा गुडघा फिरला, सहामाही परीक्षा हुकली. खेळाडूंना दहावीत मिळणाऱ्या वाढीव गुणांचं म्हणाल तर ते ठरावीक स्पर्धांत ठरावीक पातळी गाठणाऱ्यांना. बाकीच्यांचं काय? अकरावीला प्रवेश टक्क्यांवरच मिळतो. एक वर्ष थांबल्याने काही बिघडत नाही.

जुना खेळाडू:
बिघडतं. त्या वयात वर्षभर मैदान सुटलं की पुन्हा जाणं होत नाही, माझंच तसं झालं. जानेवारी 2025 मध्ये दिल्लीत पहिला खो-खो विश्वचषक झाला, आपल्या मुलींनी जिंकला. कर्णधार महाराष्ट्राची प्रियांका इंगळे.

कबड्डीपटूचा बाबा:
एक प्रियांका इंगळे दिसते. तिच्यासोबत शाळेच्या मैदानावर धावलेल्या बाकीच्या मुली आज काय करतात, ते कोण विचारतं?

चित्रकला शिक्षिका:
मी विचारते. माझ्या वर्गातली बहुतेक मुलं चित्रकार होणार नाहीत, तरी मी शिकवतेच. पण गुणांचं आमिष मला पटत नाही. इंटरमिजिएट या चित्रकलेच्या सरकारी परीक्षेत 'अ' श्रेणी मिळाली की दहावीला 7 गुण मिळतात, म्हणून नववीत वर्ग भरतो. परीक्षा झाली की रंगपेटी कपाटात. जी मुलं स्थिरचित्रासाठी मांडलेल्या तांब्याची सावली नेमकी कुठे पडते ते टक लावून बघत राहतात, त्यांना गुणांची आठवणही करून द्यावी लागत नाही. तुमच्या मुलीला सराव हवा आहे का, की तुम्हाला?

गावाकडची शाळा:
आमच्याकडे प्रश्नच वेगळा. सराव संपेपर्यंत शेवटची एसटी निघून जाते. मुली म्हणूनच गळतात, अभ्यासामुळे नाही. खो-खोला दोन खांब आणि मोकळी जागा पुरते, पण अंधारात घरी कोण सोडणार? शाळेनं शेवटचे दोन तास मैदानाला दिले तर हा वादच उरणार नाही.

नववीची आई:
बाईंचा प्रश्न लागला, म्हणून काल मुलीलाच विचारलं. म्हणाली, "डिसेंबरपर्यंत खेळते, पूर्वपरीक्षेच्या आधी थांबते. पण क्लास सकाळचा बघ." गुडघ्याची भीती मलाही आहे, ती खोटी नाही. सकाळी सातची बॅच आहे, उद्या चौकशीला जाते. दहावीत सराव चालू ठेवलेल्या मुलींच्या पालकांनी वेळ कशी बसवली, तेवढं सांगा.