अनुभव धागा : ख्रिस्ती मानवतावाद तुम्हांला कुठे भेटला?

डच विद्वान इरॅस्मसने १५१६ साली बायबलातला नवा करार ग्रीकमध्ये छापून घेतला, तेव्हा एक इच्छा लिहून ठेवली : नांगरामागे चालणाऱ्या शेतकऱ्याने यातल्या ओळी गुणगुणाव्यात. ख्रिस्ती मानवतावादाची, म्हणजे श्रद्धेतून साध्या माणसाची प्रतिष्ठा जपणाऱ्या विचाराची, मुळातली ओढ मला त्यात दिसते. आपल्याकडे ती शाळा, दवाखाने, चळवळींतून आली. तुमच्या घरापर्यंत कशी पोचली? कडू अनुभव असेल तर तोही लिहा.

सुरुवात मी करते. आम्ही वसईचे. वाडीत केळी, पानवेली, शेजारी बावखल, म्हणजे गोड्या पाण्याचं छोटं तळं. माझ्या शाळेच्या दिवसांत टँकर वाडीवाडीतून पाणी उपसू लागले, बावखलांवर भराव पडू लागला. फादर फ्रान्सिस दिब्रिटो हरित वसई संरक्षण समितीतून त्याविरुद्ध उभे राहिले. बाबा म्हणायचे, "फादरनी मिस्सा करावी, बिल्डरांच्या वाटेला कशाला जायचं?" बाबांना भीती वाटत होती आणि ती खोटी नव्हती. आई मात्र मला बोटाला धरून मोर्चाला गेली. तिथे आमच्या आळीतले हिंदू शेजारीही होते. पुढे कित्येक वर्षं रोझरी संपली की आई म्हणायची, "आमच्या विहिरी गोड राहू देत." २०२० साली उस्मानाबादच्या साहित्य संमेलनाला धर्मगुरू अध्यक्ष कसा, म्हणून विरोध झाला. तब्येत बरी नसतानाही अध्यक्ष म्हणून फादर संमेलनाला गेले. ते भाषण बाबांनी टीव्हीसमोरून न उठता ऐकलं.

मिरजेहून
आजीला क्षय झाला तेव्हा भावकीने तिचं ताट वेगळं केलं. आजोबांनी तिला वानलेसवाडीच्या सॅनेटोरियममध्ये ठेवलं. तिथल्या नर्सबाई रोज तिची वेणी घालायच्या. औषधांची नावं आजी विसरली, वेणीचं मात्र शेवटपर्यंत सांगायची.

पुण्याहून
माझी पणजी छप्पन्याच्या (१८९९-१९००) दुष्काळात गुजरातेतून केडगावला, पंडिता रमाबाईंच्या मुक्ती मिशनमध्ये आली. तिथल्या छापखान्यात खिळे जुळवायला शिकली. रमाबाईंनी हिब्रू-ग्रीकवरून साध्या बायकांना कळेल असं बायबल मराठीत आणलं, ते तिथल्याच बायकांनी छापलं. रमाबाई १९२२ मध्ये गेल्या, पूर्ण ग्रंथ १९२४ मध्ये निघाला. नांगरामागच्या शेतकऱ्याचं वाचलं आणि पणजीची शाईने काळी झालेली बोटं आठवली. आजी त्यांबद्दल फार बोलायची. तरी एक लिहायलाच हवं. रमाबाईंच्या शारदा सदन या विधवा-मुलींच्या शाळेतल्या मुली ख्रिस्ती होतात, यावरून रानडे आणि भांडारकर १८९३ मध्ये सल्लागारपदावरून दूर झाले होते. पणजीला धर्म निवडता आला होता का, असं मी आजीला एकदा विचारलं. ती बराच वेळ गप्प राहिली. मग म्हणाली, "त्याआधी तिला जगायचंय का, हेसुद्धा कुणी विचारलं नव्हतं गं."

नगर जिल्ह्यातून
आजोबा मिशनच्या शाळेत शिकून मास्तर झाले. ते ऋण आहेच. पण वडिलांच्या लग्नाच्या वेळी एका ख्रिस्ती घराने "मूळचे कोण?" विचारून स्थळ मोडलं. अनुसूचित जाती ठरवणाऱ्या १९५० च्या राष्ट्रपतींच्या आदेशातली ती ओळख शिखांना १९५६ मध्ये आणि बौद्धांना १९९० मध्ये मिळाली, दलित ख्रिस्त्यांना अजून नाही. म्हणजे चर्चमध्ये जात सुटत नाही आणि सरकारदरबारी ती मोजली जात नाही. मानवतावाद हा शब्द ऐकला की मला आधी हे आठवतं.

ताई, तुमच्या आईंची विहिरींची प्रार्थना वाचली. आमच्याकडे उन्हाळ्यात टँकर येतो. रांग अजून आळीवारच लागते, आमची आळी शेवटी. दोन उन्हाळे झाले, आमचे पाळक हंडा घेऊन आमच्याही मागे उभे राहतात.