सेविया-ग्रानादात १४ जण: तापा, शाकाहारी आणि बिल

प्रेषक: सहल समिती

मंडळी, नमस्कार.

ऑक्टोबरची सहल पक्की झाली. स्पेनमध्ये ९ आणि १० ला सेविया, ११ आणि १२ ला ग्रानादा. १४ मोठी माणसं. त्यात ६ शाकाहारी, त्यांपैकी दोघं अंडंही खात नाहीत. उरलेल्या आठांपैकी पाच जणांना बीफ चालत नाही. चारही दिवस संध्याकाळी ७ ला १४ जणांचं टेबल बुक करून मोकळं व्हावं असा विचार आहे. तिकडच्या मंडळींनी हो-नाही कळवावं, म्हणजे या आठवड्यात फोन करता येतील.

---

प्रेषक: त्रियानाकर

ताई, फोन करू नका.

पहिली अडचण ७ ची. दुपारचं जेवण साधारण ४ ला आटोपलं की स्वयंपाकघर बंद होतं आणि ८-साडेआठशिवाय उघडत नाही. बार उघडा दिसेल, बिअर मिळेल, पण खायला मागितलंत तर 'कोसिना सेर्रादा' ऐकाल. त्या वेळात गरम जेवण देणारे आहेत, पण ते बहुतेक दारात पाएयाचे रंगीत फोटो लावून बसलेले. आणि इथे भात हा दुपारचा पदार्थ; रात्री पाएया मागणारा माणूस बाहेरगावचा हे वेटरला लगेच कळतं.

दुसरी अडचण १४ ची. एवढ्या टेबलाला बहुतेक ठिकाणी माणशी ठरावीक दराचा 'मेनू दे ग्रुपो' गळ्यात मारतात: हामोनचं (खारवून वाळवलेल्या डुकराच्या मांडीचं) ताट, क्रोकेतास (तळलेले मऊ गोळे), मांसाचा एखादा प्रकार. शाकाहाऱ्यांनी पैसे तेवढेच भरायचे आणि ऑलिव्ह चघळत बसायचं.

त्यापेक्षा बारमध्ये तापा खा. तापा म्हणजे पदार्थ नव्हे, माप. तीन मापं असतात: तापा एकाला, मेदिया रासिओन दोघांना, रासिओन तिघा-चौघांना. पदार्थ तोच, बशी लहान-मोठी. यात फसगत कुठे होते सांगतो. बऱ्याच बारमध्ये तापा हे माप फक्त आत, काउंटरवर मिळतं. बाहेरच्या टेबलांवर रासिओनच, आणि वर तेरासाचा वेगळा दर. फळ्यावर 'सोलो एन बार्रा' लिहिलं असेल तर त्याचा अर्थ हाच. हौसेनं बाहेर बसून चौघांनी पाच रासिओन मागवल्या की निम्मं उरतं आणि बिल दुप्पट होतं.

म्हणून चार तुकड्या करा, ४-४-३-३, आणि प्रत्येकीत निदान एक मांसाहारी ठेवा. काउंटरवर चार माणसं मावतात, चौदा नाही. एका बारमध्ये एक पेय आणि दोघांत तीन तापा, मग पुढचा बार. असे तीन बार झाले की जेवण झालं. एकाच ठिकाणी ठिय्या मारून सगळा मेनू मागवू नका. प्रत्येक बारचे दोन-तीनच पदार्थ खरे चांगले असतात. ते कोणते, हे शेजारच्याच्या बशीत बघून कळतं. बोट दाखवून मागितलं तरी कुणी हसत नाही.

मागायची पद्धतही सांगतो. 'क्वांदो प्वेदास' म्हणजे 'सवडीनं'. एवढं म्हणून नजरेला नजर द्यायची आणि मग 'पोनमे दोस कान्यास', दोन बिअर दे. 'पोनमे' हे आज्ञार्थी असलं तरी उद्धट नाही. हात हलवून बोलावू नका, टिचकी तर अजिबात नको. आंदालुसियात शेवटचा 'स' गिळतात, त्यामुळे उलट उत्तर 'दो कान्या' असं ऐकू येईल. कान्या म्हणजे साधारण २०० मिलीचा छोटा ग्लास. मोठा घेऊ नका. इथल्या उकाड्यात तळाशी पोचेपर्यंत बिअर कोमट होते. सांग्रिया स्थानिक माणूस क्वचितच मागतो. रेड वाईनमध्ये गोडसर सोडा घातलेलं 'तिंतो दे वेरानो' मागा. न पिणाऱ्यांनी 'मोस्तो' मागावं, तो न आंबवलेला द्राक्षांचा रस.

सेवियात मासे खाणाऱ्यांची चैन आहे. 'कासोन एन आदोबो' चुकवू नका. कासोन म्हणजे आपली मोरी. तुकडे व्हिनेगर, जिरं, ओरेगानो, लसूण आणि पिमेंतोनमध्ये (लाल मिरचीच्या पुडीत) मुरवून, पिठात घोळवून तळतात. पिठाचा थर पातळ असतो, भजीसारखं पीठ कालवत नाहीत. तेल कमी तापलेलं असलं की हाच पदार्थ तेलकट आणि लिबलिबीत होतो. बशीखालचा कागद तेलानं पारदर्शक झालेला दिसला तर दुसऱ्या बारमध्ये जा. 'बोकेरोनेस' हे मांदेलीच्या कुळातले. 'एन विनाग्रे' म्हणजे व्हिनेगरमध्ये मुरवलेले, न शिजवलेले. घाबरायचं कारण नाही: आनिसाकिस नावाच्या जंतापायी २००६ च्या नियमानुसार असे मासे आधी निदान २४ तास उणे २० अंशांवर गोठवावे लागतात. कोळंबीपुढे किमतीच्या जागी 'एस/एम' असेल तर तो त्या दिवसाचा बाजारभाव, बहुधा १०० ग्रॅमचा. मागवण्याआधी विचारा, नंतर नव्हे.

बीफवाल्यांसाठी: सोलोमियो आल विस्की डुकराचं, चालेल. रोबो दे तोरो म्हणजे बैलाची शेपटी. काऱ्रियादा म्हणजे गालाचं मांस, डुकराचं असतं तसं गाईचंही. 'दे सेर्दो ओ दे तेर्नेरा?' असं विचारा. आल्बोंदिगास या गोळ्यांत दोन्ही मांसं मिसळतात. प्रिंगाचा मोंतादितोही तसाच: पुचेरोच्या रश्श्यातलं सगळं मांस कुस्करून पावात भरलेलं, त्यात काय काय आहे हे वेगळं काढता येत नाही. आणि लेओनची सेसिना हामोनसारखी दिसते, पण ती वाळवलेलं बीफ आहे.

---

प्रेषक: लावापिएसकर

त्रियानाकरांचं बाकी सगळं मान्य. चूक एकच, ती हाताची: शेपटी 'राबो', 'रोबो' नव्हे. रोबो म्हणजे चोरी. वेटरला 'रोबो, रोबो' म्हणालात तर तो दाराकडे बघेल.

आता शाकाहाराचं.

'सिन कार्ने' म्हणून भागत नाही. इथल्या बोलीत कार्ने म्हणजे मांसाचा तुकडा. हामोन हे हामोन, आणि ट्यूना हा मासा. 'मांस नको' म्हणालात की वेटर प्रामाणिकपणे ट्यूना सुचवतो. 'सांदविच वेहेताल' नावाच्या भाजीच्या सँडविचमध्ये अंडं आणि बहुधा ट्यूना असतो. नाव वाचून विश्वास ठेवायचा नाही, घटक विचारायचे: 'येवा हामोन, आतून ओ काल्दो?' म्हणजे यात हामोन, ट्यूना किंवा मांसाचा रस्सा आहे का. तिसरा शब्द सगळ्यात महत्त्वाचा.

नेहमी चकवणारे: हिरव्या शेंगा, आर्टिचोक, मश्रूम यांवर हामोनचे बारीक तुकडे न सांगता येतात. मसुराच्या आमटीत चोरिसो. (गोव्याच्या चोरिसाचा हा भाऊ, पण व्हिनेगर नाही, लाल रंग आणि धुराचा वास पिमेंतोनचा.) क्रोकेतास मुळातच हामोनचे, 'दे एस्पिनाकास' (पालकाचे) असं लिहिलेलं असेल तरच घ्या. ऑलिव्हच्या पोटात अँचोव्ही मासळी भरलेली असू शकते. सालमोरेहो या टोमॅटोच्या दाट थंड सारावर उकडलेलं अंडं आणि हामोन भुरभुरतात, म्हणून 'सिन हामोन नि वेवो'. गास्पाचो थंडगार आणि शुद्ध शाकाहारी, पण मेनूवर 'गास्पाचो मांचेगो' दिसला तर तो सशाबिशाच्या मांसाचा गरम रस्सा, टोमॅटोच्या सारासारख्या त्या गास्पाचोशी नावापलीकडे काही संबंध नाही.

पोटभरीचे: सेवियाचा पालक-चणा, 'एस्पिनाकास कोन गार्बान्सोस'. ब्रेडचे तुकडे आणि लसूण तेलात लाल तळून, जिऱ्याबरोबर कुटून त्याचं वाटण, मग पिमेंतोन, थोडं व्हिनेगर, पालक आणि काबुली चणे. जिऱ्यामुळे आपल्या जिभेला ओळखीचं लागतं, आणि अंडं नाही. आहोब्लांको: बदाम, लसूण, ब्रेड, तेल, व्हिनेगरचं पांढरं थंड सार, वर द्राक्षं. पादरोनच्या मिरच्या: नुसत्या तळून वर जाड मीठ, बहुतेक बिनतिखट आणि मधूनच एखादी झणझणीत. 'पापास आलिन्यास' हे व्हिनेगर-कांद्यातले उकडलेले बटाटे, तिथे 'सिन आतून नि वेवो' म्हणायला विसरू नका.

चीजबद्दल काटेकोर असाल तर मांचेगोत कोकराच्या पोटातलं विरजण वापरतात. 'तोर्ता देल कासार' मात्र रानटी आर्टिचोकच्या फुलांनी विरजतात. ते मऊ असतं, वरचं झाकण कापून ब्रेडनं खायचं.

तळणीचं तेल एकच असतं. वांगं आणि माकूल एकाच कढईत पडतात. ज्यांना हे चालत नाही त्यांनी तळलेलं टाळावं. वेगळी कढई आहे का म्हणून विचारण्यात अर्थ नाही, बहुतेक नसते.

---

प्रेषक: सहल समिती

पातातास ब्रावास (लाल सॉस घातलेले तळलेले बटाटे) तरी निर्धास्त ना? सगळ्यांनी तेच धरून ठेवलंय.

---

प्रेषक: लावापिएसकर

तळणीच्या तेलाचं वर सांगितलंच; ते सोडलं तर बटाटा निर्धास्त, लाल सॉस नाही.

माद्रिदच्या जुन्या पद्धतीत टोमॅटो नसतो. तेलात कांदा परततात, आच बंद करून गोड आणि तिखट पिमेंतोन घालतात (आचेवर घातलं की क्षणात करपून कडू होतं), चमचा-दोन चमचे मैदा भाजतात आणि काल्दो ओतून दाट होईपर्यंत आटवतात. हा काल्दो कोंबडीचा किंवा हामोनच्या हाडाचा असू शकतो, कुठे नुसतं पाणीही असतं. सॉस चकचकीत लाल-केशरी टोमॅटोचा दिसला तर बहुधा प्रश्न नाही. विटकरी, दाट आणि पिठूळ दिसला तर विचारा. वर पांढरा आलिओली (लसणाचा सॉस) असेल तर त्यात अंडं गृहीत धरा. अंडं न खाणाऱ्या दोघांनी सरळ 'साल्सा आपार्ते' म्हणावं, सॉस वाटीत वेगळा येतो.

---

प्रेषक: आल्बायसिनकर

ग्रानादाचं गणित वेगळं, म्हणून स्वतंत्र लिहितो.

इथे पेयाबरोबर तापा फुकट येतो. आल्मेरिया, हाएन आणि लेओनमध्येही ही चाल आहे, सेवियात नाही. पण फुकटची अट अशी की तापा बार ठरवतो. पहिल्या फेरीला पहिला, दुसरीला दुसरा, असा क्रम लागलेला असतो. म्हणून सगळ्या तुकडीनं एकदमच पेय मागावं. एकानं मधेच दुसरी बिअर घेतली की त्याला पुढचा तापा येतो आणि टेबलाचा क्रम तुटतो. कॉफीबरोबर तापा येत नाही; मोस्तो, बिनअल्कोहोल बिअर, सोडा यांबरोबर येतो.

शाकाहाऱ्यांनी पेय मागतानाच सांगायचं, बशी आल्यावर नाही. 'दोस सोमोस वेहेतारियानोस, नि कार्ने, नि पेस्कादो, नि हामोन', म्हणजे आमच्यातले दोघं शाकाहारी, मांस, मासे, हामोन काही नको. आधी सांगितलं तर बहुतेक ठिकाणी चीज, बटाटा किंवा तोर्तिया (बटाट्याचं ऑम्लेट) देतात. नंतर सांगितलं तर बशी परत जाते आणि बदली ऑलिव्ह येतात.

गावची नावं फसवी आहेत. 'तोर्तिया देल साक्रोमोंते' हे ऑम्लेट खरं, पण भेजा आणि वृषणं घातलेलं. 'रेमोहोन' हे संत्र्याचं कोशिंबिरीसारखं सॅलड, त्यात खारवलेला कॉड मासा. 'आबास कोन हामोन' हे वालासारखे मोठे दाणे, नावात हामोन आहेच.

आणि हे मात्र पैसे देऊन मागवा: 'बेरेन्हेनास कोन मिएल दे कान्या'. वांग्याचे पातळ काप किंवा लांब काड्या दुधात नाहीतर बिअरमध्ये बुडवून, मैद्यात घोळवून कुरकुरीत तळतात आणि वरून काळसर धार सोडतात. ती मधाची नाही, काकवीची. कान्या म्हणजे इथे ऊस. मालागाकडच्या फ्रिहिलियाना गावात ती अजून होते. कोल्हापूरकडच्या माणसाला डोळे मिटून ओळखता येईल. बशी आली की लगेच खा. पाच मिनिटांत वांगं पाणी सोडतं आणि वरचं आवरण मऊ पडतं.

नावास रस्त्यावर फार गर्दी असते. रेआलेहोतलं काम्पो देल प्रिन्सिपे बरं, मोकळा चौक आहे, चार तुकड्या एकमेकींना दिसतील. शिवाय १२ ऑक्टोबर हा इथला राष्ट्रीय सण. त्या दिवशी दुपारी दीडच्या आत काउंटर गाठा, अडीचला पाय ठेवायला जागा मिळत नाही.

---

प्रेषक: सहल समिती

तुकड्या मान्य. बिल चौघांत कसं वाटायचं?

---

प्रेषक: त्रियानाकर

(राबोची चूक कबूल.)

वाटायचंच नाही. चार कार्डं पुढे केलीत तर गर्दीच्या वेळी वेटरचं डोकं फिरतं. इथे 'बोते' काढतात, म्हणजे आपली काँट्री: संध्याकाळच्या सुरुवातीला माणशी २५ युरो एकाच्या हातात द्यायचे आणि तिन्ही बारमध्ये त्यानंच भरायचं. न पिणाऱ्यांचे शेवटी थोडे परत द्या. ग्रानादात १५ सुद्धा पुरतील. पैसे प्रत्येक फेरीला नाही, निघताना द्यायचे. टिप सक्तीची नाही, काउंटरवर सुटे ठेवले की झालं. साध्या नळाच्या पाण्याचे पैसे घेता येत नाहीत, २०२२ च्या कायद्यानं ते मोफत द्यावंच लागतं. फक्त 'आग्वा देल ग्रिफो' म्हणा, नुसतं 'आग्वा' म्हणालात तर बाटली येते आणि बिलात चढते.

दुपारी बसूनच जेवायचं असेल तर ९ ला 'मेनू देल दिया' घ्या. १९६४ साली सरकारनं पर्यटकांसाठी ठरावीक दराचा मेनू सुरू केला, त्यातून आलेली ही चाल. पहिला पदार्थ, दुसरा पदार्थ, ब्रेड, पेय आणि गोड किंवा कॉफी, साधारण १२ ते १६ युरोत. तो सहसा कामाच्या दिवशी दुपारीच मिळतो. शाकाहाऱ्यांनी दोन्ही पदार्थ 'पहिल्या'च्या यादीतून मागावेत, 'दोस प्रिमेरोस'. दुसऱ्या यादीत मांस-मासेच असतात.

सेवियाच्या पहिल्या संध्याकाळी एक तुकडी एल रिंकोन्सियोला पाठवा. १६७० पासूनचं ठिकाण आहे, पालक-चणा तिथेच घ्या. तुमचा हिशेब समोरच्या लाकडी काउंटरवर खडूनं लिहितात. त्यावर कोपर टेकू नका, ओला ग्लास तर नकोच. 'ला क्वेंता' म्हणालात की तिथेच बेरीज होते आणि फडक्यानं पुसून टाकतात, म्हणून फोटो काढायचा असेल तर त्याआधी.