मदत हवी आहे: भांडणानंतर मुलांना शांत कसं करावं?

मी निवासी शाळेत सातवी-आठवीच्या ४० मुलांचं वसतिगृह सांभाळते. मारामाऱ्या बहुतेक संध्याकाळी, जेवणाच्या रांगेत होतात. भूक हे एक कारण असावं म्हणून पाच वाजता चणे-गूळ देऊ लागलो, थोडा फरक पडला.

राग बाहेर निघावा म्हणून एका सहकाऱ्याने ठोसे मारायला वाळूची पिशवी टांगली. पण मुलं जास्तच पेटतात. नंतर वाचलं, मानसशास्त्रज्ञ ब्रॅड बुशमन यांच्या २००२च्या प्रयोगात चिडवणाऱ्याचा विचार करत पिशवीवर ठोसे मारणाऱ्यांचा राग सर्वांत जास्त होता, आणि नुसतं शांत बसलेल्यांचं वागणं सर्वांत कमी आक्रमक. त्यांच्याच २०२४च्या १५४ अभ्यासांच्या आढाव्यात शरीराची उत्तेजना कमी करणारे उपाय, म्हणजे दीर्घ श्वसन, ध्यान, प्रभावी ठरले. धावण्याने राग वाढलेला दिसला. मी तर मुलांना मैदानाला फेऱ्या मारायला लावत होते!

पिशवी काढली. श्वसन सकाळी सगळे नीट करतात, पण भांडण झाल्यावर कोणी डोळे मिटायलाही तयार नसतो. वेगळं बसवलं तर तेच घोळवत बसतात. समुपदेशक नाही, मोकळी खोली एकच, मोबाइलला परवानगी नाही.

बारा-तेरा वर्षांच्या मुलांसोबत काम केलेल्यांनी सांगा: मारामारी सोडवल्यावर पहिल्या पाच-दहा मिनिटांत नेमकं काय करून घेता?